चोपदारानं गिळलेली ओळ

दादासो चोपदाराच्या घराण्यात एक ओळ होती, ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडातल्या तोंडात म्हणायची. बाकीची ललकारी खणखणीत! दसऱ्याला डोणगडकर राजे सोनं लुटायला निघाले की दादासोनं चांदीची काठी घेऊन पुढं चालायचं आणि आरोळी ठोकायची, "घाटमाथ्याचे धनी, बारा वाटांचे मालक..." शेवटाला मात्र मान खाली घालायची, ओठ हलवायचे आणि ती ओळ गिळून टाकायची. मोठ्यानं म्हणायची नाही, पण विसरायचीही नाही. बापानं तसंच शिकवलेलं.

ओळ अशी: "अर्ध्या राती दरवाजा उघडणारे, धुळा राखणदाराची मान छाटणारे."

आता हे राजे म्हणजे कोण, तर कराडच्या पश्चिमेला डोंगरात, खाली कोकण, वर देश, आणि मधी यांचा गड. खालचा सुलतान जोरात असला की खाली मुजरा, वरचा असला की वर. जिकडं घुगऱ्या तिकडं उदो उदो! अशाच एका फिरवाफिरवीत पाचशे वर्षांमागं राजांनी गुपचूप शत्रूला दार उघडलं. दारावरचा धुळा आडवा आला, तर धन्यानंच त्याची मान उतरवली. आणि मग धुळाच्या भावाला चोपदारकी दिली. ज्या तोंडानं बोंब मारायची, त्याच तोंडाला जयजयकाराचं काम. काय डोकं म्हणावं! भावानं मुकाट काठी धरली, पोटं होती ना मागं. पण ती ओळ त्यानंच रचली.

यंदा राजांचे वंशज ऋषिराज यांनी आपल्या कॉलेजच्या पटांगणात दार उघडणाऱ्या त्याच मूळपुरुषाचा पुतळा उभा केला, दसऱ्याचा सोहळाही तिथंच ठेवला. आदल्या दिवशी दादासो बघायला गेला. चौथऱ्यावर सोनेरी अक्षरं होती: 'गडाचा दरवाजा राखताना देह ठेवला.' दादासोनं अक्षरांवरनं बोट फिरवत परत एकदा वाचलं. अरे, दरवाजा राखताना मेला तो धुळा! मान कापली ती कापली, वर त्याचं मरणही चोरलं?

घरी आला तो पेटलेलाच. "उद्या मी मोठ्यानं म्हणणार," म्हणाला.

त्याची पोरगी शिवांजली त्याच कॉलेजात चार वर्षं तासिकेवर शिकवत होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आवं तात्या, माझी पर्मनंटची ऑर्डर त्यांच्याच सहीनं निघायची हाय. एवढी वर्सं गिळली, अजून एक वर्स गिळा की."

"गिळून गिळून नरड्याला घट्टं पडलं गं."

पोरगी रडली, जेवली नाही. दादासोलाही घास गेला नाही. पण त्याचं ठरलं ते ठरलं.

सकाळी पटांगण गच्च भरलेलं. ढोल, भगवे फेटे, वर ड्रोन भिरभिरतोय. मंचावर ऋषिराज, कडंला प्राध्यापकांत शिवांजली, चेहरा पांढराफटक. दादासोनं माईक धरला. घाटमाथ्याचे धनी म्हटलं, ढोलावर टिपरू पडलं, लोक ओरडले, "जय!" बारा वाटांचे मालक म्हटलं, "जय!" मग त्यानं लेकीकडं बघितलं नाही. छाती भरून घेतली आणि ओरडला,

"अर्ध्या राती दरवाजा उघडणारे! धुळा राखणदाराची मान छाटणारे!"

ढोलावर टिपरू पडलं. पाच हजार माणूस ओरडलं, "जय!"

दादासोला वाटलं, ऐकू गेलं नसंल. त्यानं परत म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सोडवून. आता तर पोरं हात वर करून नाचायला लागली. "जय! जय!" एकानंही विचारलं नाही की हा धुळा कोण रं गड्या, आणि त्याची मान का छाटली?

ऋषिराज हसतच उठले. दादासोच्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधताना कानाशी वाकले. "दादासो, आमचे आजोबा सांगायचे, चोपदार शेवटाला एक ओळ गिळतात. तीच का ही?"

दादासोनं मान हलवली.

"मग उगाच गिळली की हो इतकी वर्षं. बघा, लोकांना किती आवडली! आता दर दसऱ्याला म्हणत जावा."

कार्यक्रम उरकल्यावर शिवांजली पळतच आली. "तात्या! राजे म्हणाले, सोमवारी ऑर्डर काढतो. तुमची ललकारी लय आवडली त्यास्नी." तिनं वाकून पाय धरले. हसत होती, डोळे पुसत होती.

"ब्येस झालं बाई," दादासो म्हणाला. नोकरी गेली असती, तर त्यानं लेकीची माफी मागितली असती, दोघं मिळून रडली असती. आता तिनं हातावर पेढा ठेवला होता आणि तो खावा लागणार होता.