कडेची नजर

हातातलं बटण—गुळगुळीत, बोराएवढं—अंगठ्याखाली गरम झालं होतं, आणि समोरच्या पांढऱ्या घुमटात एक ठिपका उजळून विझला... दाबलं. आणखी एक. दाबलं. मग काहीच नाही, तरी अंगठा आपला चालूच—खट्, खट्—

"मावशी, दिवा दिसला तरच दाबायचं हं!" तपासणाऱ्या मुलीनं मशीन थांबवलं. "ठेका धरलाय तुम्ही. अशानं काचबिंदू वाढलाय की थांबलाय, कळायचं कसं? पहिल्यापासून करू."

ठेका! उभा जन्म हातमागावर गेलेला. डोळा मधल्या विणीवर आणि धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे—तो कधी पाहावा लागला नाही, नुसता कडेनं कळायचा, पोर अंगणात खेळतंय हे आईला कळावं तसा. मग एका वर्षी तो डाव्या टोकाला पोचायच्या आधीच नाहीसा व्हायला लागला. दुखलं नाही, खुपलं नाही. चोरानं कडेकडेनं शेत कापून न्यावं, तसं. चौकटीला खांदा आपटला की ती धाकट्या जावेवर डाफरायची, "दार कुणी सरकवलं गं?"

"मीच. रोज बोटभर सरकवते, तुमची गंमत बघायला!"

तीच जाऊ आता रोज तिच्या डोळ्यांत थेंब घालते. गेलं ते परत येत नाही, उरलेलं राखायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. आणखी घटलं तर ऑपरेशन. आणि हातमाग?... ते विचारायचा धीर तिला झाला नव्हता.

पुन्हा घुमट. डावीकडे अंधारसुद्धा नाही—अंधार निदान दिसतो. तिथं नुसतं काहीच नाही. अंगठा शिवशिवला. दाबू? कोण बघतंय... पण तुटलेला धागा सांधल्याशिवाय मी कधी पुढं विणलंय का? नाही दाबणार. तिनं ठेका मोडला. हात निजल्या लेकरासारखा पडून राहिला—आणि त्या निवांतपणात, अगदी कडेला, काजव्याएवढं काही लुकलुकलं. दिसलं! खरंच दिसलं. खट्.

"मागच्या वेळेइतकंच आहे, मावशी," कागद बघून मुलगी म्हणाली. "तसूभरही घट नाही."

बाहेर फुटपाथवर ती थबकली. डावीकडच्या त्या काहीच-नाहीतून एक सायकल उगवली, मग एक पिवळी छत्री, मग हसणारं कुणीतरी... कालपर्यंत ती दचकायची. आज वाटलं, केवढं जग अजून माझ्याकडे यायचंय—

"चला की, जाऊबाई! उभ्या काय राहिलात?"

"थांब गं. येऊ दे."