म्हणे, रिकामे उद्योग

मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा बोलतोय, आणि रागावून बोलतोय.

तूप संपल्यावर मी भंगारातच जाणार होतो. पण नीलमने तापलेल्या खिळ्याने माझ्या झाकणाला भोकं पाडली आणि मला झारी केलं. हे नव्वद सालाच्या आसपासचं, मीरा रोडच्या एका नव्या इमारतीतलं.

नीलम गिरगावच्या चाळीत वाढलेली, कायम माणसांत. इथे नवरा, उत्तम, ऑफिसला गेला की दार बंद आणि ती एकटी. मला आठवतं, सुरुवातीला ती दुपारपर्यंत केस न विंचरता पलंगावर बसून असायची. स्वयंपाक करायची, पण जेवायची नाही. मग एकदा तिने गॅलरीत मोगऱ्याचं रोप आणून ठेवलं, पाठोपाठ आणखी कुंड्या आल्या. रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी ती माझ्यात भरायची, झाडांना घालायची, पिवळी पानं खुडायची. शेजारच्या गॅलरीतून हंसाबेन विचारायच्या, "आज कितनी कलियाँ आयी?" गप्पा मारता मारता नीलमची वेणी घालून व्हायची. मग तिला भूकही लागायची.

एका संध्याकाळी उत्तम म्हणाला, "उद्या मिस्त्री येतोय. गॅलरी बंद करून खोली काढू. त्या कुंड्या टाकून दे."

"एका कोपऱ्यात राहू देत ना."

"माती उकरत बसायचं, हे रिकामे उद्योग आहेत, नीलम."

आणि हा माणूस दर रविवारी शीळ घालत तासभर स्कूटर पुसायचा. त्याला कधी कोणी काही म्हटलं नाही.

कुंड्या जिन्यात आल्या. हंसाबेननी त्या आपल्या गॅलरीत नेल्या, सोबत मलाही. शेजारी वीट चढत गेली आणि नीलम दिसेनाशी झाली. मी कोरडा पडून चरफडत होतो.

महिन्याभराने उत्तम हंसाबेनच्या दारात आला. चेहरा उतरलेला.

"नीलम जेवत नाहीये. टॉनिक आणलं, देवळात नेऊन आणलं. काही बोलतच नाही. तुमच्याशी काही बोलली का?"

"कैसे बोलेगी?" हंसाबेन म्हणाल्या. "जहाँ बोलती थी, वहाँ तो आपने दीवार बना दी."

हंसाबेन उत्तमच्या बाजूने थेट शेजारच्या दारात गेल्या आणि नीलमला म्हणाल्या, "तेरा मोगरा सूख रहा है. मैं पानी नहीं डालूँगी. तू आ."

ती आली. केस तसेच मोकळे. मला उचललं, पाणी घातलं, न बोलता परत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एकदा तिने सुकलेली फांदी छाटली आणि हंसाबेनना विचारलं, "चहा उरलाय का थोडा?"

पुढे एका सकाळी भिंतीपलीकडून उत्तमचा आवाज आला, "नीलम, माझा चहा?"

"झाडांना पाणी घालून येते. घाई असेल तर तुम्ही ठेवा."

थोड्या वेळाने तिकडे भांडं वाजलं. त्याने खरंच ठेवला होता.

आता माझा तळ गंजून गेलाय. पाणी राहत नाही म्हणून नीलमने माझ्यात माती भरून गवती चहा लावलाय. तिची तब्येत सुधारलीय, पण माझा राग गेलेला नाही. घरातलं माणूस आजारी पडेपर्यंत त्याला काय आवडतं ते दिसू नये? तुमच्या घरात कोणी रोज थोडा वेळ झाडांत, रांगोळीत, विणकामात रमत असेल, तर त्याला हसू नका. जमलं तर शेजारी जाऊन बसा.