लोण्याचा वास

निहारने पेला उजेडाकडे धरला, मोठा घोट घेतला आणि म्हणाला, "बटरस्कॉच. स्कॉटिश एलमध्ये हे असतंच. मला तर झकास वाटतंय."

संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाकीला लोण्याचा वास मारत होता आणि हा त्याला झकास म्हणत होता.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या ब्रूअरीत ती पाच वर्षं होती. मायक्रोबायॉलॉजी शिकून आलेली. यीस्ट सांभाळायचं काम तिचं आणि रोज सकाळी अकरा वाजता प्रत्येक टाकीतली बिअर चाखून वहीत लिहायचं कामही तिचंच. ती चाखायची आणि थुंकायची. मानखुर्दच्या घरी रोज पंचशील म्हटलं जायचं. त्यातलं मद्यापासून दूर राहण्याचं शील तिने मोडलं नव्हतं; पाच वर्षांत एक थेंब घशाखाली जाऊ दिला नव्हता. मालक नंदकुमारना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. निहार हा त्यांचा पुतण्या. वर्षभर एडिनबराला राहून आला होता, म्हणून स्कॉटिश बिअरचा जाणकार.

खरं तर ही एल, स्कॉटिश धाटणीची ही बिअर, तिची होती. आठ टक्के अल्कोहोलची, गडद तांबूस, मोड आणून भाजलेल्या जवाच्या मॉल्टने भरलेली. आधी वीस लिटरचा एक घाणा तिने करून पाहिला होता. त्याची चव तिने लिहून ठेवली होती: पहिल्यांदा काकवी, मग तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा पापुद्रा, मध्ये भिजवलेले मनुके, आणि शेवटी सुंठीसारखी ऊब. ती ऊब थुंकल्यावरही जिभेवर बराच वेळ राहायची. मग मोठी टाकी भरली. यीस्टचं काम अजून संपायचं होतं, तेव्हाच निहारने शनिवारच्या बिअर चाखण्याच्या कार्यक्रमासाठी टाकी दोन दिवस आधी थंड करून टाकली. "करू नकोस," असं तिने तोंडी सांगितलं होतं आणि वहीतही लिहिलं होतं.

"हे बटरस्कॉच नाही," ती म्हणाली. "यीस्टने जे साफ करायचं ते राहून गेलंय. आज लोणी लागतंय, पंधरा दिवसांनी खवट लागेल. टाकी पुन्हा गरम करायला हवी. ताजं यीस्ट घालून पाच-सहा दिवस."

"शनिवारी साठ लोक येतायत," निहार म्हणाला. "आणि राग नको मानू, पण तू थुंकतेस. घोट गिळल्याशिवाय शेवटची चव कशी कळणार? काका, तुम्हीच सांगा यार."

नंदकुमार तिथेच उभे होते. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, संघमित्रा. न पिणाऱ्या माणसाने पिणाऱ्याला चव शिकवायची म्हणजे..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पाच वर्षं तिच्याच जिभेच्या भरवशावर टाक्यांतली बिअर बाजारात गेली होती. तिने हातातला पेला टेबलावर इतक्या जोरात ठेवला की बिअर तिच्या बाहीवर उडाली.

"ठीक आहे. तीन पेले भरा. दोन टाकीतले आणि एक माझ्या पहिल्या घाण्यातला, त्याच्या चार बाटल्या फ्रीजमध्ये आहेत. किंवा उलट करा, तुमची मर्जी. आम्ही दोघं बाहेर थांबतो. वेगळा कुठला ते दोघांनी कागदावर लिहायचं."

"शाळा आहे का ही?" निहार म्हणाला.

"घाबरतोस का?"

नंदकुमारनी पेले भरून आतून हाक मारली. निहारने तिन्ही पेल्यांतला एकेक घोट गिळला, पुन्हा पहिल्याकडे आला, पुन्हा गिळला आणि कागदावर आकडा लिहिला. संघमित्राने पेले ओठांना लावलेच नाहीत. तळव्याने झाकून हलवले, वास घेतला. दुसऱ्या पेल्यापाशी तिला आपली काकवी सापडली, स्वच्छ, मध्ये कुठे लोणी नाही. तिने दोन लिहिलं.

निहारच्या कागदावर तीन होतं.

नंदकुमारनी दोन्ही कागद पाहिले; वेगळा पेला दुसराच होता. मग त्यांनी स्वतः दुसरा पेला हुंगला, तिसरा हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "थिएटरमधल्या पॉपकॉर्नसारखा वास येतोय," ते म्हणाले. "कार्यक्रम पुढे ढकलू. टाकी तू बघ."

निहार फोन घेऊन बाहेर गेला. इथे तिचा राग उतरायला हवा होता. पण नंदकुमारनी तिची वही पुढे ओढली आणि पान उलटत म्हणाले, "हे काकवी, भाकरी फार छान लिहिलंयस. बाटलीवर हेच छापू. खाली निहारचं नाव टाकू या. लोकांना पिणारा माणूस लागतो ना."

"शब्द माझे आणि नाव त्याचं?"

"तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. दारूच्या बाटलीवर संघमित्रा हे नाव... घरी चालेल का तुझ्या?"

तिचं शील याच माणसाने मघाशी तिची लायकी खोडायला वापरलं होतं, आता तिचं नाव खोडायला वापरत होता. तिने तिथेच वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भीमराज ओव्हाळ महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी पाण्याचे नमुने तपासले होते.

"पप्पा, मी बनवलेल्या बिअरच्या चवीबद्दल मी लिहिलंय. ते बाटलीवर छापणार आहेत. सर विचारतायत, खाली माझं नाव आलं तर घरी चालेल का."

पलीकडे खोकला आला.

"मला ते काम आवडत नाही," भीमराज म्हणाले. "कधी आवडणारही नाही. हे तुला माहीत आहे."

"हो."

"लिहिलंयस तूच ना?"

"हो."

"मग दुसऱ्याचं नाव कसं येईल? ओव्हाळ पण लाव. अर्धवट नको." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

संघमित्राने वहीतलं ते पान काढून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं. "नाव येणार असेल तर पान देते," ती म्हणाली. "नाहीतर निहारला सांगा, स्वतः चाखून लिही."

सहा दिवस तिने टाकीवर नजर ठेवली. सातव्या दिवशी लोण्याचा मागमूस नव्हता. त्या दुपारी नंदकुमारनी लेबलचा नमुना तिच्या टेबलावर आणून ठेवला. खाली बारीक अक्षरांत होतं: चव आणि शब्द, संघमित्रा ओव्हाळ.

"आता तरी खूश?" त्यांनी विचारलं.

"अक्षरं मोठी करा," ती म्हणाली, आणि पुढच्या टाकीचा नमुना काढायला उठली.