तिकीट काढून बसल्यासारखं

त्सुनेओंनी दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकले आणि वीतभर उंचीच्या स्पीकरच्या लाकडाला कान लावला.

"गळतोय का कुठे?" कामेईंनी काउंटरमागून विचारलं.

ओसाकाच्या पाणीखात्यात त्सुनेओंची एकोणचाळीस वर्षं गेली होती. रस्त्याला लोखंडी काठी टेकवायची, काठीला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते सांगायचं. कामेई ही थट्टा दर खेपेला करत. निप्पोम्बाशीतलं त्यांचं दुकान टीचभर, पण मिजास मोठी. घरची खोली जेमतेम साडेचार तातामी चटयांची आहे म्हटल्यावर त्यांनी मोठ्या स्पीकरांकडे बघूसुद्धा दिलं नव्हतं. एवढ्याशा खोलीत ते नुसते घुमतील, म्हणाले.

त्सुनेओंची बायको सुमिए एकतीस वर्षं शहराच्या वाद्यवृंदात दुसरं क्लॅरिनेट वाजवायची. दोन वर्षांपूर्वी फुप्फुसांनी दगा दिला, श्वास पुरेना, आणि क्लॅरिनेट पेटीत गेलं ते गेलंच. तेव्हापासून तिने एकही सीडी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. दोन-तीन मिनिटं बसायची आणि उठायची. "तिकीट काढून बसल्यासारखं वाटतं," एवढंच म्हणायची. दोष जुन्या स्पीकरांचा, असं त्सुनेओंनी ठरवून टाकलं होतं. घर असं मुकं झालेलं त्यांना सोसवत नव्हतं.

त्यांनी सोबत आणलेली सीडी तिच्याच वाद्यवृंदाची होती. स्पीकरांच्या पहिल्या दोन जोड्या गोड वाजल्या, पण सगळे वादक एका मोळीत बांधल्यासारखे. तिसरी जोडी लागली आणि जो तो आपापल्या जागी जाऊन बसला. त्सुनेओंनी डोळे मिटले आणि रस्त्यावर खडूची खूण करावी तसं हवेत बोट टेकवलं. मागे, मधोमध, सुमिए होती.

"हीच द्या."

जोडून द्यायला घरी येतो, असं कामेई म्हणाले. पाणीखात्यातल्या माणसाला चार तारा जोडता येत नाहीत होय, म्हणत त्सुनेओंनी खोकी उचलली.

त्या दुपारी सुमिए त्यांचं मन राखायला म्हणून बसली. दोन मिनिटं झाली, तीन झाली, ती उठली नाही. मांडीवरची बोटं हलायला लागली. मग तिने अचानक श्वास आत घेतला, वाद्य ओठांना लावण्याआधी घेतात तसा. सीडी संपली तेव्हा त्सुनेओ स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलाच कप पुन्हा धूत राहिले. देवाचे मानावेत की कामेईंचे, आभार कुणाचे ते त्यांना कळेना.

देव काही चहाला येणार नव्हता, म्हणून रविवारी त्यांनी कामेईंना बोलावलं आणि तीच सीडी लावली. कामेईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"त्सुनेओसान, व्हायोलिनं उजवीकडून येतायत. डाव्याची तार उजव्याला लावलीत तुम्ही."

त्सुनेओंचे कान लाल झाले. चहा निवायच्या आत कामेईंनी तारा बदलल्या. व्हायोलिनं डावीकडे गेली. आता कसं, अशा नजरेने कामेईंनी सगळीकडे पाहिलं. त्सुनेओ मात्र सुमिएच्या मांडीकडे बघत होते. बोटं थांबली होती.

"कामेईसान, आधी होतं तसंच करून द्या," ती म्हणाली.

"अहो वहिनी, ते उलटं होतं. ऐकणाऱ्याला व्हायोलिनं डावीकडेच असतात."

"ऐकणाऱ्याला. मी एकतीस वर्षं मागच्या रांगेत बसले. तिथून ती उजवीकडे असतात."

उभ्या आयुष्यात कामेईंनी एकही तार चुकीची जोडली नव्हती. ते उठले आणि त्यांनी दोन्ही बाजूंच्या तारा पुन्हा उलट्या केल्या.

"तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं?" त्सुनेओंनी विचारलं.

"पहिल्याच सुराला. म्हटलं, सांगितलं तर दुरुस्त कराल."

एकतीस वर्षं त्सुनेओ प्रेक्षकांतल्या नवव्या रांगेतून तिच्याकडे बघत आले होते. सवयीने ते आताही तिच्यापासून लांब बसायला निघाले, तेव्हा तिने आपल्या डाव्या हाताची चटई थोपटली.

"इथे बसा. पहिलं क्लॅरिनेट इथे बसायचं."

"मला कुठे वाजवता येतं?"

"मोजता येतं ना? अर्धा वेळ आम्ही पाळीची वाट बघत नुसत्या मात्राच मोजायचो." मग हलकेच म्हणाली, "बरं झालं हो, चुकलात ते."

त्सुनेओ तिच्याशेजारी बसले. व्हायोलिनं उजवीकडून सुरू झाली. तिने श्वास आत घेतला, पुरेल तेवढा, आणि ते मनात मोजत राहिले.