डावऱ्याची बातमी

पत्रताईंना त्या दैनिकात अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं त्या चौथ्या पानावरच होत्या. वाचकांची पत्रं फोडायची, शिव्या गाळायच्या, शुद्धलेखन सुधारायचं आणि उरलेला मजकूर खाली छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांकडे पाठवायचा, हे त्यांचं काम. सही नसली तरी अक्षरावरून त्या माणूस ओळखत. "हे तुंबलेल्या गटाराचे आजोबा," असं पाकीट न फोडताच सांगत.

मिशाळ तीन वर्षांपूर्वी आला. भरघोस मिशांमुळे त्याला हे नाव पडलं. बातमी कुठे सुरू करावी आणि कुठे थांबावी, हे त्याला पत्रताईंनीच शिकवलं होतं. आता पहिल्या पानावर त्याचं नाव ठळक छापून येत होतं आणि ताईंच्या अंगाचा तिळपापड होत होता.

झालं होतं असं, की एकट्या राहणाऱ्या दोन बायकांचे पाठोपाठ खून झाले. पोलिसांना एका फरार माणसाचा संशय होता, पण त्याचा फोटो कुणाकडे नव्हता. शवविच्छेदन करणारे डॉक्टर एवढंच म्हणाले, की वार बहुधा डाव्या हाताने झाले असावेत. मिशाळने त्यातला 'बहुधा' गाळला आणि मथळा दिला, 'डावरा मोकाटच!'

त्या मथळ्याने शहराची झोप उडाली. कुलपांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. ट्राममध्ये लोक तोंडाआधी हात बघायला लागले. साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू झालं आणि त्याची पत्रं ताईंच्या टेबलावर ढिगाने येऊन पडायला लागली.

रोज दुपारी मिशाळ टेबलाच्या कडेवर टेकायचा. "ताई, आज काही चमचमीत?"

चार पत्रं उचलून न्यायचा. दूधवाला डाव्या हाताने माप धरतो, असं एखाद्या म्हातारीने लिहिलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर यायचं, 'दूधवाल्याच्या वेषात डावरा?' खाली नाव मिशाळचं. पत्रं ताईंची, बीळ ताईंचं आणि हा आयता नागोबा.

घरीही सुटका नव्हती. सासूबाईंना दिसत कमी होतं, म्हणून ताई त्यांना पेपर वाचून दाखवत.

"तुझं पान राहू दे गं," सासूबाई म्हणत. "त्या मिशाळचं वाच. काय लिहितो, अंगावर काटा येतो."

एके दिवशी एक निनावी पत्र आलं. रेघारेघांचा कागद, टपोरं अक्षर, प्रत्येक 'र'ला खाली लांब शेपूट. आमच्या गल्लीत महिन्याभरापूर्वी एक न्हावी आला आहे, तो वस्तरा डाव्या हातात धरतो, कुठून आला ते सांगत नाही. खाली गल्लीचं नाव होतं.

मिशाळ यायच्या आत ताईंनी ते पत्र पर्समध्ये टाकलं. संध्याकाळी स्वतः बातमी लिहून संपादकांपुढे ठेवली.

"जाऊन खात्री केलीत?" संपादकांनी विचारलं.

"केली," ताई म्हणाल्या. केली नव्हती.

सकाळी पहिल्या पानावर अकरा वर्षांत प्रथमच त्यांचं नाव आलं. सासूबाईंनी ती बातमी दोनदा वाचायला लावली. कचेरीत मिशाळ टेबलाशी आला, पण टेकला नाही.

"हे मला दाखवलं नाहीत, ताई?"

"सगळंच तुला दाखवायला पाहिजे का?"

त्याचा चेहरा पडला. ताईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी चहा मागवला. चहा येण्याआधीच फोन आला. जमावाने त्या न्हाव्याचं दुकान फोडलं होतं. आरसे फुटले आणि कुणीतरी लोखंडी गजाने त्याचा डावा हात ठेचला. पोलीस म्हणाले, पहिला खून झाला तेव्हा हा माणूस इस्पितळात विषमज्वराने पडून होता; तशी नोंदही आहे.

मिशाळ तिकडे धावला. ताई खुर्चीतून उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याचा मजकूर आला. आरडाओरडा नाही, उद्गारचिन्ह नाही. न्हाव्याची तीन बोटं मोडली, त्याची बायको काचा वेचत होती, आणि डॉक्टरांचा 'बहुधा' आपणच गाळला होता, असं सरळ लिहिलेलं. ताईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. किती चांगलं लिहिलंय मेल्याने, हेच न्हाव्याच्याही आधी मनात आलं. मग स्वतःचीच अशी किळस आली, की पेपर तिथेच टाकून ताई न्हाव्याच्या गल्लीत गेल्या.

दुकानात न्हावी बाकावर बसला होता, हात पट्ट्यांत बांधलेला. बायकोने ताईंना स्टूल दिलं.

"ती बातमी मी लिहिली होती," ताई म्हणाल्या.

बायको आत निघून गेली.

"विचारायला तरी यायचं होतंत," न्हावी म्हणाला. "आजारातून उठलो, जुनं गिऱ्हाईक तुटलं, म्हणून इथे आलो. एवढंच सांगायचं होतं."

ताई बाहेर पडल्या. समोर दुसरं केस कापायचं दुकान होतं, गिऱ्हाइकांनी भरलेलं. काचेवर हाताने लिहिलेला कागद होता, 'सोमवारी दुकान बंद राहील.' दोन 'र', दोन्हींना लांब शेपूट.

मालक टॉवेल झटकायला दाराशी आला, तेव्हा ताई हळू आवाजात म्हणाल्या, "पत्र तुम्ही लिहिलंत."

तो आधी गोंधळला, मग म्हणाला, "छापलंत तुम्ही."

"का लिहिलंत?"

"वीस वर्षांची गिऱ्हाइकं एकेक करून समोर जायला लागली. रोज इथून दिसायचं. बघवेना."

त्याला आणखी विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

कचेरीत येऊन त्यांनी कबुली लिहिली. पत्र निनावी होतं, खात्री केली नाही, संपादकांशी खोटं बोलले. संपादकांनी ती चौथ्या पानावर छापली आणि सहा महिने ताईंना मुद्रितं तपासायला बसवलं. छापायला देण्याआधी ताईंनी ती मिशाळला दाखवली.

"यात एक राहिलंय," त्या म्हणाल्या. "मला तुझं बघवत नव्हतं."

मिशाळ कागदाची घडी घालत राहिला. "माहीत होतं, ताई. त्या दिवशी मलाही तुमचं बघवलं नाही. तिकडे धावलो ना, तेव्हा तुमची बातमी खोटी निघू दे, असंच म्हणत होतो. मग तो हात बघितला."

महिनाभराने खरा संशयित दुसऱ्या शहरात सापडला. जबाबावर त्याने उजव्या हाताने सही केली. एव्हाना लोकांची भीती विझली होती, म्हणून ही बातमी सहाव्या पानावर चार ओळींत आली. तिचं मुद्रित ताईंनीच तपासलं.

न्हाव्याची दोन बोटं पुन्हा वळायला लागली, तिसरं ताठच राहिलं. तो उजव्या हाताने दाढी करायला शिकला, पण वेळ फार लागायचा आणि गिऱ्हाइकं कंटाळायची. ताईंनी आपल्या नवऱ्याला दर आठवड्याला तिथेच पाठवायला सुरुवात केली. तो गालावर एखादा ओरखडा घेऊन यायचा, कुरकुर करायचा, आणि पुढच्या आठवड्याला परत जायचा.