उघडा कप

गुंडीने दूध पुन्हा डोक्यावर ओतून घेतलं.

"धबा," ती म्हणाली आणि आईकडे बघून हसली. कपाळावरून, भुवयांवरून, हनुवटीवरून दूध ओघळत होतं, आणि पोरगी अशी खुशीत की जणू आत्ताच कोणीतरी तिचा सत्कार केलाय. आईने शर्टाच्या बाहीने तिचं तोंड पुसलं, मग फरशी पुसली आणि तिथेच खुर्चीच्या पायाला टेकून क्षणभर डोळे मिटले. रागावायलाही अंगात जोर लागतो. तो पहाटेच्या फेऱ्यांत संपला होता.

ती शहर बसची ड्रायव्हर. डेपोत तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत, आणि घरी नवराही अधूनमधून लाडाने तेच म्हणायचा. तिची पाळी तुटक होती. पहाटे बस काढायची, दुपारी सोडायची, संध्याकाळी पुन्हा काढायची ती थेट शहर झोपेपर्यंत. नवरा एका गोदामात माल उचलायची गाडी चालवायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यामुळे नवरा-बायकोची भेट व्हायची ती दारात. एक जण बूट काढत, दुसरी घालत. बोलणंही तेवढंच, "जेवली का?", "शी केली का?", "किल्ली कुठंय?" एवढ्यावर संसार चालला होता, आणि खरं सांगायचं तर बराच बरा चालला होता.

गुंडी दीड वर्षाची. रुसली की हातपाय पोटाशी घेऊन गोल होऊन बसायची, म्हणून गुंडी. वर्षाची झाली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता पावडरचं दूध बंद करा, साधं दूध द्या, आणि तेही कपातून. बाटली लांबली तर दात किडतील, आणि दिवसभर दुधावरच राहिली तर जेवणाकडे ढुंकून बघणार नाही. दोघांनी शहाण्या विद्यार्थ्यांसारख्या माना हलवल्या, घरी आले आणि पोरगी रडायला लागल्याबरोबर बाटली भरून दिली.

पावडर मात्र सुटली. ते काम नवऱ्याने अंगावर घेतलं होतं. पावडरच्या दुधात साधं दूध आज थोडं, दोन दिवसांनी आणखी थोडं, असं वाढवत वाढवत त्याने पोरीला कळूही न देता पार साध्या दुधावर आणून सोडलं. त्या विजयावर तो महिनाभर फुशारकी मारत होता. पण दूध बदललं तरी बाटली तीच राहिली. कप दिला की गुंडी तो उचलायची, डोक्यावर उपडा करायची आणि "धबा" म्हणायची. दोन कानांचा कप आणून झाला, झाकणाचा झाला, अस्वलाचं चित्र असलेला झाला. झाकणाच्या कपातून नीट ओतता येईना तेव्हा तिने झाकण चावून काढलं.

"हट्टी आहे," नवरा म्हणायचा. "तुझ्यावर गेलीय."

"माझ्यावर गेली असती तर आत्तापर्यंत झोपली असती," ती म्हणायची.

एरवी हे असंच ढकलत ढकलत चाललं असतं. पण डेपोत दिवसाचा एक मार्ग रिकामा होत होता. त्यावरचे जुने ड्रायव्हर निवृत्त व्हायचे होते. सकाळी उजाडल्यावर निघायचं आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी यायचं, माणसासारखं. ड्युटी लावणारे साहेब तिला म्हणाले होते, "बाई, तुमचा नंबर लागतोय. पण शुक्रवारी संध्याकाळची गाडी काढायच्या आधी मला पक्कं सांगा. तुमच्यामागे रांग आहे."

पक्कं सांगणं पाळणाघरावर अवलंबून होतं. गुंडी तिथल्या लहान खोलीत होती, आणि ती खोली दुपारी बंद व्हायची. संध्याकाळपर्यंत चालायची ती मोठी खोली. मोठ्या खोलीत बाटली चालत नसे. एकाच्या हातात बाटली दिसली की बाकीचे सगळे तिच्यावर तुटून पडतात, आणि पोरांचा तो घोळका सांभाळायला तिथली ताई एकटीच. ताई वाईट नव्हती. तिने स्वच्छ सांगितलं होतं, "शुक्रवारी दुपारच्या दुधाच्या वेळेला आणा. माझ्यासमोर कपातून प्यायली तर सोमवारपासून माझी. नाहीतर मला खरंच जमायचं नाही हो."

म्हणजे एका कपावर सगळं येऊन ठेपलं होतं. गुंडी प्यायली तर आईला संध्याकाळी लेक जागी दिसणार होती. नाही प्यायली तर आणखी कोण जाणे किती दिवस ती झोपलेल्या पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून झोपायला जाणार होती.

यात एक गोष्ट होती जी ती कोणापाशी बोलली नव्हती. पहाटे निघण्यापूर्वी ती अर्धवट झोपेतल्या गुंडीला मांडीवर घेऊन बाटली द्यायची. पोरगी डोळे न उघडता प्यायची, आणि तिची मूठ आईच्या शर्टाच्या बटणावर असायची. दुपार धावपळीत आणि डुलक्यांत जायची; दिवसातलं तेवढंच निवांत आईपण तिच्या वाट्याला येत होतं. ती बाटली सुटावी म्हणून ती जिवाचं रान करत होती आणि ती सुटू नये असंही तिला वाटत होतं. नवऱ्याला हे दिसत असणार, पण तो काही बोलला नाही. त्याबद्दल तिला तो फार आवडला होता.

गुरुवारी बस शेवटच्या थांब्यावर उभी असताना कंडक्टरकाका म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेता? माझा धाकटा चार वर्षांचा होईपर्यंत बाटली घेऊन फिरायचा. आता दाढी आली. बाटली अजून सुटली नाही, फक्त आतला माल बदललाय."

ती हसली. केबिनमधली आपली चहाची बाटली उचलून तिने झाकणाच्या नळीतून दोन घोट घेतले आणि गाडी सुरू केली. केबिनमध्ये उघडा कप न्यायचा नाही, हा डेपोचा नियम. सांडला तर बटणांचं वाटोळं. त्याच नियमाने नवऱ्याच्या गोदामातही उघडा कप चालत नसे, मालावर डाग पडतो म्हणून. दोघंही वर्षानुवर्षं बाटलीतूनच चहा पीत होते आणि त्यात काही विशेष आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तिने गुंडीला पाळणाघरातून आणलं आणि आंघोळीला बसवलं. तिचे स्वतःचे डोळे मिटत होते. सवयीने तिने प्लॅस्टिकचा मग बादलीत बुडवला, वर उचलला आणि सवयीनेच म्हणाली, "आता डोक्यावर... धबाबा!"

"धबा," गुंडी म्हणाली.

आईच्या हातातला मग तसाच वर राहिला. ती मगाकडे बघत राहिली. त्याला कान होता. कपाला कान असतो. आतमध्ये काहीतरी पातळ असतं. पोरगी रोज उभ्या आईच्या हातात हा असला कानवाला मग बघते, आणि तो रोज तिच्या डोक्यावर रिकामा होतो, वर आई आनंदाने ओरडते. मग कप हातात आल्यावर तिने दुसरं काय करायचं होतं? ही हट्टी नव्हती. आईबापाने जे शिकवलं तेच ती इमानेइतबारे करत होती, आणि आईबाप तिच्या नावाने कपाळ बडवत होते.

गुंडीला टॉवेलात गुंडाळून ती स्वयंपाकघरात आली आणि पहिल्यांदाच ते परक्या माणसाने बघावं तसं बघितलं. ओट्यावर धुतलेल्या बाटल्यांची रांग. तिची चहाची बाटली, नवऱ्याची स्टीलची, पाण्याच्या दोन, गुंडीच्या तीन. कप होते, लग्नात आलेले, पण ते सगळ्यात वरच्या फळीवर खोक्यात. पाहुण्यांसाठी ठेवलेले. घरात सतत कोणीतरी झोपलेलं असतं म्हटल्यावर पाहुणे कधीच यायचे थांबले होते. या घरात कपातून पिणारं माणूस गुंडीने जन्मात बघितलं नव्हतं.

खुर्चीवर चढून तिने खोका काढला. चहा केला. एका कपात चहा ओतला, दुसऱ्या लहान कपात तळाला चार घोट दूध. मग ती भिंतीला टेकून, पाय पसरून जमिनीवर बसली.

गुंडी बावरली. आई झोपलेली तिला माहीत होती आणि आई धावपळ करणारी माहीत होती. नुसती बसलेली आई तिने बघितली नव्हती. ती जवळ आली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवून खात्री केली आणि मग शेजारी तशीच भिंतीला टेकून बसली. आई प्यायली. गुंडीचं सगळं लक्ष तिच्या गळ्याकडे, घोट खाली कसा उतरतो तिकडे. आई काही म्हणाली नाही. म्हणण्याइतकी ताकद नव्हती आणि तेच बरं झालं.

गुंडीने लहान कप उचलला. तो वर गेला, नाकापर्यंत, कपाळापर्यंत. तिथे थांबला. तिने आईकडे बघितलं. आईने आपल्या कपातून घोट घेतला. मग तो कप हळूहळू खाली आला आणि तोंडाला लागला. अर्धं दूध छातीवर सांडलं आणि अर्धं पोटात गेलं.

आईला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिने तसं केलं नाही. ती आणखी थोडी टेकून बसली आणि चहा गरम असताना संपवला. असा चहा तिने शेवटचा कधी घेतला होता ते तिला आठवेना.

दुपार कलल्यावर गणवेश चढवून, गुंडीला कडेवर घेऊन ती पाळणाघरात गेली. मोठ्या खोलीत पोरं बुटक्या टेबलाभोवती दूध पीत होती. ताई किटली घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होती, एकाचं नाक पूस, दुसऱ्याचा कप धर. गुंडीला खुर्चीवर बसवलं, पुढ्यात कप ठेवला. गुंडीने उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं. दारात पिशवी खांद्याला लावून उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. मग कप उचलून डोक्याकडे नेला. आईने धावत जाऊन तो वरच्या वर पकडला.

"हेच म्हणत होते मी," ताई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट तिलाच वाईट वाटलेलं दिसत होतं.

खिशात फोन वाजू लागला. ड्युटीचे साहेब. ड्रायव्हरबाईने तो वाजू दिला. तिने पिशवी खाली ठेवली आणि इस्त्रीच्या गणवेशात, पोरांच्या सांडलवंडीत, सरळ जमिनीवर बसकण मारली.

"ताई, मला एक कप द्या. कशाचाही. आणि तुम्ही पण बसा."

"मी? आत्ता? अहो, ही पोरं..."

"दोन घोटांपुरतं बसा. आपण उभ्या असलो की तिला वाटतं आंघोळ आहे."

ताईला त्यातलं काडीचंही कळलं नसावं. पण सकाळपासून तिला बसा असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने किटली ठेवली, आपला केव्हाचा गार झालेला चहा उचलला, ड्रायव्हरबाईच्या हातात पाण्याचा कप दिला आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. बसताना तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

दोघी पीत राहिल्या. फोन थांबला. पुन्हा वाजू लागला. गुंडी खुर्चीवरून उतरली, कप दोन्ही हातांत धरून आली आणि दोघींच्या मध्ये बसली. आईच्या अंगाला ती टेकली नाही, मांडीकडे तिने बघितलंही नाही. स्वतःची स्वतः बसली आणि प्यायली. एक घोट, दुसरा, तिसरा. तिला आपली गरज नाही हे आईला लख्ख दिसलं. याचसाठी चालला होता सगळा आटापिटा, आणि आता झालं तर रडू येत होतं.

"पास," ताई म्हणाली. "सोमवारी आणा. या वेळेला बसायचं, एवढंच ना? बसेन मी. मला काय, बरंच आहे."

ड्रायव्हरबाईने फोन कानाला लावला. "हो साहेब. दिवसाचा मार्ग घेते. पक्कं. हो, पोचतेच."

बोलता बोलता तिने मान खाली घातली होती. गुंडी उठून उभी राहिली. कपाच्या तळाला थोडं दूध उरलं होतं. तिने ते नीट बघितलं, आईच्या नेमक्या टाळूवर कप धरला आणि उपडा केला.

"धबा," ती म्हणाली.

ताईने तोंडावर हात दाबला. पुसायला वेळ नव्हता. ओल्या केसांनीच ड्रायव्हरबाईने पोरीचा मुका घेतला आणि बाहेर पळाली. थोड्या वेळाने नवरा येऊन गुंडीला घरी नेणार होता.

चौकात लाल दिवा लागला. बस खच्चून भरलेली होती, कंडक्टरकाका मागे कोणाशी तरी हुज्जत घालत होते. वाळत आलेल्या केसांना दुधाचा वास येत होता, पहाटे मांडीवर गुंडी असायची तेव्हा यायचा तोच. तिने तो छातीभर ओढून घेतला आणि तिला हमसून रडू आलं. दिवा हिरवा झाला. मागच्याने भोंगा वाजवला. बाहीने डोळे पुसत तिने बस पुढे काढली.