एक जूनची माणसं

आमच्या गावातल्या सगळ्या माणसांची यादी एका संकेतस्थळावर फुकट मिळत होती. ती मी लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि अकरा हजार माणसं दाराशी चपला काढून आमच्या बैठकीत येऊन उभी राहिली. बैठक लांबत गेली. फुकट ते पौष्टिक, म्हणून मी कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाही. माझी सहा वर्षांची मुलगी रेवा शेजारी बसून बघत होती.

मला त्यांचं सरासरी वय काढून पाच वाजेपर्यंत पाठवायचं होतं. पण आधी माहिती स्वच्छ करावी लागते. माझ्या स्वच्छतेचं ऑफिसात नाव आहे.

"एक जूनवाले काढा," ऑफिसातून कामेरकर मॅडम फोनवर म्हणाल्या. "चार हजार जण एकाच दिवशी कसे जन्मतील?"

मी पुकारा केला. म्हातारे-म्हाताऱ्या पुढे आल्या. शाळेत नाव घालताना त्यांच्या घरच्यांना तारीख सांगता आली नव्हती, म्हणून गुरुजींनी सगळ्यांना एक जून लावून टाकली होती. मी ओळ निवडायचो, बटण दाबायचो, माणूस पायापासून पुसला जायचा. कुरकुर कुणी केली नाही. चपला तेवढ्या दाराशी राहत होत्या, त्याचा मला राग येत होता.

शेवटी खिडकीजवळच्या खुर्चीतून माझे वडील उठले आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

"अण्णा, तुम्ही बसा."

"माजीबी एक जूनच हाय की."

"खरी तारीख सांगा, मी बदलतो."

"आई म्हनायची, जुंधळा हुरड्यात आलता. बेस्तरवार हुता."

"तारीख, अण्णा."

"गुर्जींनी अंदाजानं टाकली म्हनून साळंत बसाय मिळालं. तूबी टाक की एखादी."

रकाना उघडाच होता. दोन आकडे बदलले असते तर भागलं असतं.

"गुरुजी अंदाज करायचे," मी म्हणालो. "मी विश्लेषण करतो."

"लई शिकलास बाबा," असं म्हणून ते हसले. मी बटण दाबलं. मला रडू आलं, पण यादी आता चांगली दिसत होती.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता ज्यांचा एखादा रकाना रिकामा असेल, तेही काढा."

मी माझी ओळ शोधली. वडिलांच्या नावाचा रकाना पांढरा पडला होता. पुन्हा पुन्हा टाइप केलं तरी अक्षरं टिकेनात. नियम म्हणजे नियम. मी उठलो आणि रांगेत पुढे जाऊन उभा राहिलो.

रेवा माझ्या खुर्चीवर चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"बाबा, हेच बटण ना?"

पडद्यावर माझ्या खालची ओळ तिची होती. तिच्या वडिलांच्या रकान्यात अजून माझं नाव होतं.